काट्यावरचा पोरगा

कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगच्या फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला वजनकाट्याची खोली आहे. आत एक टेबल, धूळ खाल्लेला संगणक, काटापट्टी छापताना करकरणारा प्रिंटर. खिडकीबाहेर लोखंडी काटा. दिवाळीनंतर त्याच्यावर सकाळपासून कापसानं फुगलेले टेम्पो, ट्रॅक्टर, एखादी चुकार बैलगाडी चढत राहते. भरलेल्या गाडीचं वजन घ्यायचं, माल खाली झाला की रिकाम्या गाडीचं घ्यायचं, फरक म्हणजे कापूस. ही वजाबाकीसुद्धा संगणकच करतो. खुर्चीत बसलेला पोरगा फक्त गाडीचा नंबर आणि शेतकऱ्याचं नाव टाकतो. तो केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेला आहे.

मी या जिनिंगचे हिशोब आणि जीएसटी बघतो. जागा अमळनेर-धरणगाव पट्ट्यातली. ओळख लागू नये म्हणून गाव, शेठ आणि पोरगा, तिघांचीही नावं गाळली आहेत. त्याला तिथं सगळे ‘काटेवाला’ म्हणतात, मीही तेच म्हणतो.

प्रकरण एवढंच : पंचविशीतला, धडधाकट, शिकलेला मुलगा. कामाला नाही म्हणत नाही. तरी वर्षातले सात-आठ महिने त्याच्या हाताला पगाराचं काम नाही. घरी साडेचार एकर कोरडवाहू, त्यात कापूस आणि थोडी ज्वारी-मका. आजोबा अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये कामाला होते. चुलतभाऊ सुरतला लूमवर आहे.

असं का, याची दोन तयार उत्तरं आपल्याकडे फिरत असतात. पारावरचं उत्तर : आताच्या पोरांना कष्ट नको. भाषणातलं उत्तर : पोरांकडे कौशल्य नाही. बरीच वर्षं मीही कधी हे, कधी ते उत्तर देत होतो. मग एका एप्रिलमध्ये ताळेबंदासाठी जिनिंगचं हजेरीपत्रक आणि बँकेचा उतारा शेजारी-शेजारी ठेवून बसलो. बँकेचं व्याज ज्या वर्षी फुगलं, त्याच वर्षी काटेवाल्याची हजेरी आटली होती. तिथून हे प्रकरण उलगडायला लागलं.

तो बेरोजगार आहे का?

आधी हाच घोळ मिटवू. सरकारी मोजणीत काटेवाला बहुतेक बेरोजगार ठरणार नाही.

आपल्याकडे रोजगाराचं मोठं सर्वेक्षण २०१७-१८ पासून नियमित होतं. त्यात ‘नेहमीची स्थिती’ धरताना मागच्या वर्षभराकडे पाहतात. वर्षातला मोठा काळ काम नसलं, तरी तीस दिवस किंवा जास्त एखादं दुय्यम काम केलेलं असेल तर तो माणूस कामकऱ्यांत जातो. ‘चालू आठवड्याची स्थिती’ धरली तर आठवड्यात एखाद्या दिवशी एक तास काम केलं तरी पुरे. आणि घरच्या शेतात बिनपगारी राबणं हेही कामच. काटेवाला हंगामात काट्यावर असतो, उरलेल्या दिवसांत वडिलांबरोबर निंदणी-फवारणीला जातो. झालं, तो रोजगारात. त्याच्या वडिलांना मी एकदा सहज विचारलं, “नाना, पोरगा काय करतो सध्या?” ते म्हणाले, “पोर्‍या कामले शे भाऊ, पन पगारले नही.”

दोन-दोन व्याख्यांनी जे धड सांगता येत नाही, ते नानांनी एका दमात सांगितलं.

म्हणून २०२३-२४ चा देशाचा बेरोजगारीचा दर ३.२ टक्के आहे हे वाचून हुरळून जायचं कारण नाही. त्याच सर्वेक्षणात १५ ते २९ वयोगटाचा दर १०.२ टक्के आहे. आणि त्याहून बोलका आकडा वेगळाच : २०१८-१९ मध्ये देशातले ४२.५ टक्के कामकरी शेतीत होते, २०२३-२४ मध्ये ४६.१ टक्के. विकसित होणाऱ्या देशात हा आकडा खाली यायला हवा, तो वर गेला. शेतीतून देशाच्या उत्पन्नाचा पाचवा हिस्सासुद्धा येत नाही, आणि माणसं मात्र निम्म्याच्या जवळपास. लॉकडाऊनमध्ये जे गावाकडे आले, त्यातले बरेच शेतीतच अडकले.

साडेचार एकरांत नाना, नानी, थोरली वहिनी आणि काटेवाला असे चौघे राबतात. काटेवाला नसता तर कापूस एक मणानं कमी आला असता का? नाही. याला छुपी बेरोजगारी म्हणतात. गंमत अशी की जोन रॉबिन्सन या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९३६ मध्ये हा शब्द वापरला तो इंग्लंडातल्या मंदीत बरी नोकरी सुटल्यावर लंडनच्या रस्त्यावर काडेपेट्या विकायला बसलेल्यांसारख्या लोकांसाठी. पुढे तो आपल्या बांधावर येऊन चिकटला. पण मूळ अर्थ विसरायला नको. त्या अर्थात माणूस आळशी नसतो, वरच्या कामाची मागणी आटलेली असते आणि म्हणून तो खालच्या कामात शिरतो.

गाठ जाते, तिच्यामागून बाकीचंही जातं

काट्यावरून आलेला कापूस जिनमध्ये पिंजला जातो. एक क्विंटल कापसातून साधारण ३४-३५ किलो रुई, म्हणजे सरकी काढलेला नुसता तंतू निघतो, बाकी बहुतेक सरकी. रुईची गाठ १७० किलोची, म्हणजे एका गाठीला पाचेक क्विंटल कापूस लागतो. गाठ बांधून, नंबर टाकून ट्रकमध्ये चढली की खान्देशाचा आणि तिचा संबंध बहुतेक वेळा संपतो. सूत कोइम्बतूरकडे नाहीतर गुजरातेत, कापड आणखी कुठे, शिवण तिसरीकडे. नासधूस धरूनही एका गाठीत पाचसहाशे शर्टांचा माल असतो. त्या शर्टांमागे जेवढे हात लागतात, त्यातले अगदी पहिले थोडे आपल्याकडचे : वेचणारे, वाहणारे, जिनवाले. सगळ्यात कमी मजुरीची कामं आपण ठेवून घेतो आणि बाकीची ट्रकमध्ये भरून देतो.

हे कायम असंच नव्हतं. जळगावात खान्देश मिल होती, आता त्या जागेवर व्यापारी संकुल आहे. धुळ्यात न्यू प्रताप मिल होती. अमळनेरला विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात प्रतापशेठ यांनी मिल काढली. काटेवाल्याच्या आजोबांनी तिथं साच्यावर, म्हणजे मागावर, काम केलं. त्यांचं शिक्षण चौथी. पगार दरमहा, भविष्यनिर्वाह निधी, भोंग्यावर चालणारं घर. नातू पदवीधर, आणि त्याचा हिशोब रोजंदारीवर. दोन पिढ्यांत शिक्षण अकरा इयत्ता वर गेलं आणि कामाची प्रत खाली आली. कौशल्य कमी पडलं म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

मिल का बुडाल्या? जुनी यंत्रं, मालकांचं दुर्लक्ष, वीजदर, यंत्रमागाची स्पर्धा, सिंथेटिक कापड. हे सगळं सांगून झालेलं आहे. ज्याच्याबद्दल फारसं बोललं जात नाही ते धोरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपण तयार कपडे शिवण्याचा धंदा २००० सालच्या वस्त्रोद्योग धोरणापर्यंत लघुउद्योगांसाठी राखून ठेवला होता. हेतू चांगला, लहान माणसाला काम मिळावं. परिणाम असा झाला की हजार-हजार मशीनच्या शेडी उभ्या राहिल्याच नाहीत, आणि परदेशी गिऱ्हाइकाला लागतो तेवढा एकसारखा माल वेळेवर देणारे कारखाने आपल्याकडे उशिरा आले. त्या काळात बांगलादेशानं तो धंदा पकडला. तिथं कापूस जवळजवळ पिकतच नाही, तरी तयार कपड्यांत आज ४० लाखांच्या आसपास माणसं आहेत, त्यात बायका मोठ्या संख्येनं. १ जानेवारी २००५ ला जगातल्या कपड्यांच्या आयातीवरचा देशवार कोटा उठला तेव्हा धावायला ते तयार होते. आपण बुटाच्या नाड्या बांधत होतो.

महाराष्ट्रानं १९७२ पासून एकाधिकार खरेदी योजना आणली. सरकारच कापूस घेणार, दुसऱ्या कोणी घ्यायचा नाही. शेतकऱ्याला भावाची हमी म्हणून ती ठीक होती, पण सारं लक्ष कच्च्या मालाच्या भावावर खिळलं. कापसाचं कापड इथंच व्हावं याकडे तेवढं लक्ष गेलं नाही. सहकारी सूतगिरण्या निघाल्या. शिरपूरसारख्या ठिकाणी त्या टिकल्याही, पण कितीतरी ठिकाणी इमारत, कर्ज आणि अध्यक्ष एवढंच उरलं. २०२३ मध्ये केंद्रानं सात मोठी वस्त्रोद्योग उद्यानं जाहीर केली. त्यातलं एक मध्य प्रदेशात धारला, एक गुजरातेत नवसारीला, आणि महाराष्ट्राच्या वाट्याचं अमरावतीला. नकाशा उघडून बघा, तिन्हींच्या मध्ये आपण.

अमळनेरचीच आणखी एक गोष्ट. १९४५ मध्ये इथं वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. त्याचंच पुढे विप्रो झालं. कारखाना अजून आहे, पण कंपनीचं नाव झालं ते सॉफ्टवेअरमध्ये, बंगळुरूला. अमळनेरकरांकडे शेअर राहिले, आणि ज्यांनी ते जपून ठेवले त्यांचं कल्याण झालं, हे खरं. देशाचंही असंच झालंय. शेतीवरून आपण थेट सेवाक्षेत्रावर उडी मारली, मधली कारखान्याची पायरी गाळली. देशात साठ कोटींच्या घरात कामकरी, आणि आयटीत पन्नास-साठ लाख. उत्पन्न तिकडे वाढतं, माणसं इकडे साचतात. कारखानदारीत कामकऱ्यांपैकी जेमतेम ११ टक्के आहेत. पाश्चात्त्य देशांत कारखानदारी आधी भरपूर वाढली, मग ओसरली. आपल्यासारख्या देशांत ती भरात येण्याआधीच ओसरायला लागते. अर्थशास्त्रज्ञ डॅनी रॉड्रिक यांनी याला अकाली निरौद्योगिकीकरण म्हटलंय. शब्द अवघड आहे, पण प्रताप मिलच्या भिंतीकडे बघितलं की समजतो.

रेपोचा दर काट्यापर्यंत कसा पोचतो

आता माझ्या धंद्यातली गोष्ट, म्हणून जरा सविस्तर.

जिनिंग हा खरं तर यंत्राचा धंदाच नाही, पैसा फिरवण्याचा धंदा आहे. शेतकऱ्याला रोख द्यायची, गिरणीकडून पैसे महिन्या-दीड महिन्यानं यायचे. मधला खड्डा बँकेच्या कॅश क्रेडिटनं, म्हणजे लागेल तशी उचल करायच्या कर्जानं, भरायचा. वर शेतकऱ्याकडून घेतलेल्या कच्च्या कापसावर ५ टक्के जीएसटी खरेदीदारानं स्वतः भरायचा, तोही रोखीनं. १ कोटीची खरेदी म्हणजे ५ लाख सरकारजमा. पुढच्या विक्रीत ते वळते होतात हे खरं, पण तोवर अडकतात.

ऑक्टोबर २०१९ पासून लघुउद्योगांची बदलत्या व्याजाची नवी कर्जं बाहेरच्या दराला, बहुतेक ठिकाणी रेपोला, म्हणजे रिझर्व्ह बँक बाकीच्या बँकांना ज्या दरानं पैसे देते त्याला, बांधली गेली. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध सुरू झालं, तेल भडकलं, एप्रिलमध्ये महागाई ७.७९ टक्क्यांवर गेली. रिझर्व्ह बँकेला महागाई ४ टक्क्यांच्या अलीकडे-पलीकडे २ टक्क्यांत ठेवायचं बंधन. तिनं मे २०२२ पासून रेपो वाढवायला घेतला, आणि ४ टक्क्यांचा दर फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५० वर नेला. अडीच टक्के. १ कोटीच्या उचलीवर वर्षाला अडीच लाख, महिन्याला साधारण २० हजार ८००. काट्यावरचा एक पोरगा आणि फाटकावरचा एक म्हातारा यांचा मिळून पगार साधारण तेवढाच.

त्याच हंगामात, २०२२-२३ मध्ये, दुसरा पेच पडला. त्याच्या आदल्या वर्षी कापूस क्विंटलला १० हजारांच्या वर गेला होता. शेतकऱ्यांच्या डोक्यात तो भाव बसला. ८ हजार मिळत असताना कोणी विकेना. घराघरांत कापूस. ओटा, माजघर, पलंगाखाली कापूस. उन्हाळा येईपर्यंत त्यात किडे झाले आणि घरातल्या पोराबाळांच्या अंगाला खाज सुटली. नानांच्या घरी मी गेलो होतो तेव्हा वहिनी अंगणात झोपत होत्या, आत बसवत नव्हतं. शेवटी मे-जूनमध्ये ७ हजारांच्या आसपास बहुतेकांनी विकून टाकला.

शेठला तरी त्या वर्षी काय करता येत होतं? आवक नाही, व्याज चढतंय, सूतगिरण्यांची मागणी मंद. त्यानं उचल कमी केली, आठवड्यातले तीनच दिवस जिन चालवलं. काटेवाल्याचा तो पहिलाच हंगाम. हजेरीपत्रकात माझ्या डोळ्यांसमोर ६३ दिवस आहेत. ठरले होते पाच महिने.

कीवमध्ये बॉम्ब पडले म्हणून अमळनेरकडच्या एका पोराची हजेरी कमी लागली, असं म्हटलं तर लोक हसतात. पण युद्ध, तेल, महागाई, रेपो, कॅश क्रेडिट, खरेदी, हजेरी, अशी ती सरळ साखळी आहे. रिझर्व्ह बँकेला मी दोष देत नाही. महागाई वाढली की पहिला फटका मजुरालाच बसतो. एवढंच म्हणतो की महागाई रोखण्याची किंमत कोण भरतं, हे मुंबईतून दिसत नाही, काट्याच्या खिडकीतून दिसतं. २०२५ मध्ये रेपो पुन्हा जूनपर्यंत ५.५० वर आला. शेठनं नवी उचल केली नाही. “व्याज उतरलं हो, पण घेणारा कुठे भेटतो?” व्याज वाढलं की धंदा लगेच आवळतो, उतरलं की लगेच सैल होत नाही. दोरीनं बैल ओढता येतो, ढकलता येत नाही.

असे धक्के आधीही बसले होते. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटा बंद झाल्या, तेव्हा कापसाचा हंगाम भरात होता. चलनातली मूल्यानं ८६ टक्के रोकड एका रात्रीत बाद. रोखीवर चालणाऱ्या बाजारात तेव्हा काय झालं असेल ते सांगायला नको. मग जुलै २०१७ चा जीएसटी, त्याच वर्षी गुलाबी बोंडअळी, आणि मार्च २०२० चा लॉकडाऊन. मोठे कारखाने यातून सावरले. लहान धंदा प्रत्येक धक्क्यानंतर एक-एक माणूस कमी करून उभा राहिला.

आत कोण राबतं

काट्याच्या खोलीपासून शंभर पावलांवर जिनचा हॉल. तिथं काम करणारे गावातले नाहीत. सातपुड्यातून, बडवानी-खरगोनकडून पावरा आणि बारेला आदिवासी कुटुंबं येतात, हंगामभर आवारातल्या पत्र्याच्या खोल्यांत राहतात. हवेत सतत तंतू, डोक्याला फडकं, कानाला यंत्राची घरघर. शेठची तक्रार ठरलेली : “लेबर भेटत नाही भाऊ. गावातली पोरं पारावर बसतात, मला दोनशे किलोमीटरवरून माणसं आणावी लागतात.”

काम आहे आणि कामगार नाही, कामगार आहे आणि काम नाही, दोन्ही एकाच आवारात. आळसाच्या सिद्धांताला इथं भलताच जोर येतो. पण मजुरी कशी ठरते ते बघा. ती काटेवाल्याच्या गरजेवर ठरत नाही, डोंगरातल्या त्या कुटुंबाच्या गरजेवर ठरते. तिथं खरीप झाला की पोटाला काहीच नाही. अर्थशास्त्रज्ञ आर्थर लुईस यांनी १९५४ मध्ये मांडलं होतं की शेतीत जादा माणसं असतील तोवर कारखान्याला जगण्यापुरत्या मजुरीवर हवी तेवढी माणसं मिळत राहतात, मजुरी वाढत नाही. आपल्याकडे तो ‘तोवर’ सत्तर वर्षं झाली तरी संपत नाही, कारण कारखाने माणसं ओढून घेण्याइतके वाढलेच नाहीत. मग ज्याच्या घरी निदान ज्वारी आहे, तो त्या मजुरीला आत जात नाही. मी गेलो असतो? नाही. मग त्याला आळशी का म्हणू?

आणि आतलीही माणसं कमी होत आलीत. पूर्वी जिनपासून प्रेसपर्यंत रुई बायका डोक्यावरच्या टोपल्यांनी न्यायच्या. २००० मध्ये केंद्रानं कापसाचं तंत्रज्ञान अभियान सुरू केलं, जिनिंग सुधारायला अनुदान आलं. हवेनं ओढणारे पाइप, आपोआप भरणारी यंत्रं, पट्टे. रुई स्वच्छ झाली, गाठीला भाव बरा आला, हे मान्यच करायला हवं. पण टोपल्या गेल्या आणि टोपल्यांबरोबर बायका गेल्या. यंत्राला अनुदान, घसारा, कर्जावर सवलत. माणूस ठेवायला काय? त्याचा हिशोब ठेवायचा तापच जास्त. ज्या देशात भांडवल तुटपुंजं आणि माणसं उदंड, तिथं भांडवल स्वस्त करून माणूस महाग करायची ही रीत मला कधी कळली नाही.

सुरत

काटेवाल्याचा चुलतभाऊ सुरतच्या उधन्यात राहतो, एका खोलीत सहा जण. भुसावळ-सुरत रेल्वे ही खान्देशाची खरी रोजगार हमी. इकडे पाऊस कमी झाला की तिकडची पॅसेंजर भरते. कापूस पिकवणाऱ्या घरातला हा मुलगा सुरतेत पॉलिएस्टर विणतो, हेही एक नशीब. काटेवाला तिथं चार महिने राहून आला. बारा तासांची पाळी, दर पंधरा दिवसांनी दिवसपाळीची रात्रपाळी. परत का आलास विचारलं तर म्हणाला, “काका, भाडं, खाणावळ नि येणं-जाणं काढलं की गावात निंदून मिळतं तेवढंच उरायचं.”

खान्देशाची बेरोजगारी सुरतेत मुरते, म्हणून इथं ती कमी दिसते. पण सुरतेला शिंक आली की इथं पडसं. जुलै २०१७ मध्ये जीएसटीविरुद्ध तिथल्या कापड बाजारानं आठवडेच्या आठवडे बंद पाळला, तेव्हा पोरं गावी. मार्च २०२० मध्ये तर पायी. आता पाण्याच्या फवाऱ्यावर चालणारे नवे माग आलेत, जुन्या मागांना लागायची तेवढी माणसं त्यांना लागत नाहीत. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेनं आपल्या मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं, हिरे आणि कपडे दोन्हीकडे धास्ती पसरली. गणपतीला आलेली काही पोरं त्या वर्षी परत गेलीच नाहीत.

सरकारी जागा

एप्रिल ते ऑक्टोबर काटेवाला पहाटे पाचला गावाबाहेरच्या रस्त्यावर धावतो. भरती. त्याच्याबरोबर पंचवीस-तीस पोरं आणि चार-पाच पोरी. संध्याकाळी अभ्यासिकेत, टेबलावर पाण्याची बाटली आणि चालू घडामोडींचं पुस्तक.

२०२३ ची तलाठी भरती : ४,६४४ जागा, दहा लाखांहून जास्त अर्ज. २०२४ ची पोलीस भरती : १७ हजारांवर जागा, सतरा लाखांहून जास्त अर्ज. तलाठ्यात दोनशेत एकही नाही, पोलिसात शंभरात एक. तरी तो का धावतो? १९७० मध्ये हॅरिस आणि टोडारो या अर्थशास्त्रज्ञांनी गावाकडून शहरात जाणाऱ्यांबद्दल लिहिलं होतं की माणूस हातातल्या मजुरीची तुलना शहरातल्या पगाराशी करत नाही, पगार गुणिले तो मिळण्याची शक्यता याच्याशी करतो. काटेवाल्यानं ते वाचलेलं नाही, पण गणित तेच करतो. एका बाजूला काट्याची रोजंदारी, तीही चार महिने. दुसऱ्या बाजूला महिन्याचा पक्का पगार, सुट्टी, आजारपण, लग्न जमणं. शंभरात एकची शक्यता धरूनही तिसावं वर्ष उलटेपर्यंत त्याला दुसरा डाव परवडतो, कारण पहिल्यात हरण्यासारखं काहीच नाही. मधल्या पगाराची, कारखान्यातली नोकरी आसपास असती तर हे गणित कधीच मोडलं असतं.

सरकारच्या बाजूनं बघितलं तर जागा रिकाम्या असूनही वर्षानुवर्षं भरती होत नाही. वित्तीय तूट आवळायची असते, आणि पगारावरचा खर्च थोपवणं सगळ्यात सोपं. कंत्राटी माणूस स्वस्त. जलसिंचनाचंही तसंच. तापीवरचा पाडळसे प्रकल्प अमळनेरकरांच्या दोन पिढ्यांनी ऐकला. पाणी आलं असतं तर नानांच्या साडेचार एकरांत रब्बी झाली असती, आणि रब्बी म्हणजे गावात आणखी चार महिने मजुरी. तुटीचा आकडा दिल्लीत आटोक्यात आला की ताळेबंद छान दिसतो. मी स्वतः ताळेबंद करतो, म्हणून सांगतो : छान दिसण्यासाठी काय-काय पुढच्या वर्षावर ढकललेलं असतं ते फक्त करणाऱ्याला माहीत असतं.

२०२४-२५ चा हंगाम

त्या हंगामात क्विंटलला मध्यम धाग्याचा हमीभाव ७,१२१ आणि लांब धाग्याचा ७,५२१ होता. बाजार त्याच्या खाली रेंगाळत होता. परदेशात कापूस स्वस्त, ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या सुताचं मोठं गिऱ्हाईक असलेल्या बांगलादेशात सत्तापालट, तिकडची खरेदी डळमळीत. सीसीआयनं, म्हणजे हमीभावानं कापूस घेणाऱ्या केंद्राच्या कापूस महामंडळानं, देशभरात सुमारे १ कोटी गाठींचा कापूस उचलला म्हणून बाजार तरला. शेठनं जिन सीसीआयच्या कामाला दिलं. स्वतःची खरेदी थोडी, बाकी पिंजाईचे पैसे. व्याजाचा घोर कमी, नफाही कमी. पण जिन सलग चाललं आणि काटेवाल्याची हजेरी तीन हंगामांत पहिल्यांदा शंभरावर गेली. सरकारी खरेदी रोजगार कशी धरून ठेवते याचं हे माझ्याकडचं एकमेव लेखी उदाहरण. पुढच्या वर्षी, १९ ऑगस्ट २०२५ ला, आयात कापसावरचं ११ टक्के शुल्क काढलं आणि डिसेंबरअखेरपर्यंत काढलेलंच ठेवलं. कापडवाल्यांना दिलासा म्हणून. नव्या कापसाचा हंगाम ऑक्टोबरला सुरू होतो.

जानेवारी २०२५ मधली एक दुपार. मी काट्याच्या खोलीत पावत्या जुळवत बसलो होतो. नानांचा टेम्पो आला. सीसीआयला ८ ते १२ टक्के ओलावा चालतो, नानांचा कापूस यंत्रानं १४ दाखवला. परत नेऊन वाळवायचा तर टेम्पोचं भाडं दुप्पट. शेठनं स्वतःच्या खरेदीत घेतला, हमीभावाच्या चारशेनं खाली. शेठच्या बाजूनं ते रास्त होतं, मी त्याचा उतारा आणि व्याज दोन्ही ओळखून आहे. त्या चारशेतूनच जिन चालतं, आणि त्यातूनच काट्यावरच्या पोराची रोजंदारी निघते.

काटेवाल्यानं गाडीचा नंबर टाकला, शेतकऱ्याचं नाव म्हणून बापाचं नाव टाकलं. रिकामा टेम्पो पुन्हा काट्यावर चढला, प्रिंटर करकरला. खिडकीतून हात घालून त्यानं पट्टी पुढे केली. नानांनी ती उन्हात लांब धरून वाचली, आकडा ओठांत पुटपुटला, आणि इतर कुठल्याही शेतकऱ्यानं विचारावं तसं विचारलं, “वजन बराबर शे ना?”

“शे नाना,” तो म्हणाला, आणि मागच्या ट्रॅक्टरला पुढे यायची खूण केली.